कार्डिनल जोसेफ कार्डाइन : कामगारांच्या मुलांचे धर्मगुरू



1 मे हा दिवस जगभर कामगार दिन म्हणून पाळला जातो. 1955 साली पोप पायस बारावे ह्यांनी ह्याच दिवशी कष्टकरी संत जोसेफ ह्यांचा सण घोषित केला. नाझरेथच्या सुतारापुढे आपण मेणबत्ती लावतो, त्यांची प्रार्थना म्हणतो. मात्र ज्या ख्रिस्तसभेचा प्रभू सुताराच्या घरात वाढला, त्याच ख्रिस्तसभेपासून युरोपातील लाखो कामगार एकोणिसाव्या शतकात दूर गेले. ते का गेले, आणि त्यांना परत आणण्यासाठी एका धर्मगुरूंनी आयुष्यभर काय केले, हे सांगण्यासाठी ह्या रविवारी आम्ही बेल्जियमच्या कार्डिनल जोसेफ कार्डाइन ह्यांचे चरित्र निवडले आहे.

जोसेफचा जन्म 13 नोव्हेंबर 1882 रोजी ब्रसेल्स शहराला लागून असलेल्या स्खारबेक येथे झाला. त्याचे बालपण मात्र जवळच्या हाले गावात गेले. आपल्याकडे वांद्र्याची मोतमाउली तसे बेल्जियममध्ये हालेची मारियामाता. गाव तीर्थक्षेत्राचे, लोक भाविक. वडील आंरी कोळशाचा लहानसा व्यापार करीत. आई लुईझ लग्नाआधी श्रीमंतांच्या घरी कामाला होती. घरात जपमाळ होती, कष्ट होते आणि पैशाची चणचण होती.

त्या काळच्या बेल्जियमची स्थिती थोडी समजून घ्यावी लागेल. इंग्लंडच्या पाठोपाठ युरोपात कारखानदारी सुरू झाली ती ह्या छोट्या देशात. कोळशाच्या खाणी, लोखंडाच्या भट्ट्या, कापडगिरण्या ह्यांनी देश श्रीमंत झाला, पण ज्यांच्या घामावर तो श्रीमंत झाला त्यांचे हाल कुत्रा खात नव्हता. 1886 साली कामगारांचा मोठा उठाव झाला, सैन्याने गोळ्या झाडल्या. त्यानंतर 1889 साली बालमजुरीवर पहिला कायदा आला. त्या कायद्याने काय दिले? 12 वर्षांखालील मुलांना कारखान्यात घेऊ नये आणि 16 वर्षांखालील मुलांकडून दिवसाला 12 तासांपेक्षा जास्त काम घेऊ नये. म्हणजे 13 वर्षांच्या पोराने 12 तास राबणे हे कायदेशीरच राहिले. सक्तीच्या शिक्षणाचा कायदा व्हायला 1914 साल उजाडले. हे सर्व एका कॅथलिक देशात घडत होते. 1884 पासून पुढची 30 वर्षे तेथे कॅथलिक पक्षाचेच सरकार होते. अनेक कारखानदार दर रविवारी मिस्साला पहिल्या बाकांवर बसत होते.

हालेमध्ये जोसेफच्या बरोबरीची मुले भल्या पहाटे कारखान्याची वाट धरीत आणि अंधार पडल्यावर घरी येत. जोसेफ 13-14 वर्षांचा झाला तसे त्यानेही कामाला लागावे असे घरात ठरू लागले. एके रात्री भावंडे झोपल्यावर तो अनवाणी पायांनी खाली स्वयंपाकघरात आला. आईवडील अजून जागे होते. मला पुढे शिकायचे आहे, मला धर्मगुरू व्हायचे आहे, असे त्याने वडिलांना सांगितले. वडिलांच्या डोळ्यांत पाणी आले. आजवर आपण पुष्कळ कष्ट केले, आता आणखी थोडे करू, असे ते पत्नीला म्हणाले. पुढे हा प्रसंग कार्डाइन जगभर सांगत फिरले. आपली गुरुदीक्षा आईवडिलांच्या घामातून आली आहे हे ते कधीही विसरले नाहीत.

1897 साली जोसेफ मेखेलेन येथील लहान सेमिनरीत दाखल झाला. त्याच्या आयुष्याला वळण देणारी घटना मात्र सुट्टीत घरी आल्यावर घडली. ज्यांच्यासोबत तो शाळेत बसला होता, पहिला ख्रिस्तप्रसाद घ्यायला गेला होता, ते मित्र आता कारखान्यात होते. त्यांची भाषा बदलली होती, चेहरे निबर झाले होते. काही जण व्यसनाला लागले होते. जोसेफ त्यांना भेटायला गेला तेव्हा त्यांनी त्याला दूर लोटले. त्यांच्या दृष्टीने तो आता त्यांचा राहिला नव्हता. तो धर्मगुरू होणार होता, म्हणजे मालकांच्या बाजूला गेला होता.

बंधुभगिनींनो, त्या पोरांनी हे कोठून शिकले असावे? शाळा संपली त्या दिवशी शिक्षकांनी त्यांची नावे पटावरून काढली. दुसऱ्या दिवशी कारखान्याने त्यांना गिळले. कामगार संघटना मोठ्या माणसांसाठी होती, पोरासोरांकडे पाहायला तिला सवड नव्हती. धर्मग्रामात मुलांसाठी खेळ होते, धर्मशिक्षण होते, पण दिवसाचे 12 तास ते जेथे घालवत होते त्या जागेविषयी तेथे एक शब्दही निघत नव्हता. कोणी त्यांचा द्वेष करीत होते असे नाही. कोणी त्यांच्याकडे पाहतच नव्हते. ही उदासीनता द्वेषापेक्षा वाईट असते. द्वेष करणारा निदान समोर उभा असतो.

1903 साली वडील आंरी वारले. मुलगा धर्मगुरू झालेला पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. त्यांच्या मृत्युशय्येपाशी जोसेफने शपथ घेतली की आपले सगळे आयुष्य कामगारवर्गाच्या उद्धारासाठी वेचायचे. 22 सप्टेंबर 1906 रोजी त्यांना गुरुदीक्षा मिळाली. त्यांच्या मस्तकावर हात ठेवणारे आर्चबिशप मर्सिये पुढे कार्डिनल झाले. त्यांची व कार्डाइन ह्यांची गाठ पुन्हा पडायची होती.

येथे आणखी एका धर्मगुरूंचे नाव घेतले पाहिजे. आल्स्ट गावचे फादर आडोल्फ डान्स कापडगिरण्यांतील मजुरांची बाजू घेऊन 1894 साली संसदेत निवडून आले होते. कॅथलिक पक्षातील प्रतिष्ठितांना ते सहन झाले नाही. बिशपांनीही त्यांना साथ दिली नाही, त्यांना सार्वजनिक मिस्सा अर्पण करण्याची मनाई झाली. 1907 साली ते एकाकी अवस्थेत वारले. तेव्हा फादर कार्डाइन ह्यांच्या गुरुदीक्षेला एक वर्षही पुरे झाले नव्हते. वरिष्ठांच्या मर्जीबाहेर जाऊन कामगारांची बाजू घेणाऱ्या धर्मगुरूचे काय होते, ह्याचे उदाहरण त्यांच्या डोळ्यांपुढे होते.

मग धर्मसत्तेकडे कामगारांविषयी शिकवणच नव्हती काय? तसे मुळीच नाही. पोप लिओ तेरावे ह्यांचे कामगारांच्या प्रश्नावरील प्रसिद्ध परिपत्रक 1891 सालीच निघाले होते. न्याय्य वेतन, संघटनेचा हक्क, विश्रांती हे सारे त्यात स्पष्ट लिहिले होते. शिकवण होती, पण ती छापील कागदावर राहिली होती. हालेच्या कारखान्यातील पोरापर्यंत ती पोहोचविणारा कोणी नव्हता.

फादर कार्डाइन ह्यांना लुव्हेन विद्यापीठात समाजशास्त्राच्या अभ्यासासाठी पाठविण्यात आले. प्राध्यापक व्हिक्टर ब्रांट्स ह्यांनी त्यांना एक गोष्ट शिकवली : कामगाराविषयी बोलण्याआधी त्याच्या घरी जा, त्याची मजुरी, भाडे, कामाचे तास मोजा. नंतर त्यांची नेमणूक बास-वाव्र येथील शाळेत शिक्षक म्हणून झाली. सुट्ट्या आल्या की ते परदेशातील कामगारांची स्थिती पाहायला निघत. 1911 साली ते इंग्लंडला गेले आणि बेन टिलेट ह्या गोदी कामगारांच्या पुढाऱ्याला भेटले. 1889 सालच्या लंडनच्या गोदी संपात हे टिलेट अग्रभागी होते. त्या संपात वृद्ध कार्डिनल मॅनिंग स्वतः मध्यस्थीला उतरले होते आणि गोदी कामगारांना मागितलेली मजुरी मिळाली होती. धर्मगुरू कामगारांच्या सोबत उभा राहिला तर काय होऊ शकते, हे त्यांना तेथे कळले.

1912 साली फादर कार्डाइन ब्रसेल्सच्या लाकेन धर्मग्रामात सहायक धर्मगुरू म्हणून आले. हे धर्मग्राम मोठे विलक्षण. एका बाजूला बेल्जियमच्या राजाचा राजवाडा, चर्चच्या तळघरात राजघराण्याच्या कबरी. दुसऱ्या बाजूला दाटीवाटीची कामगारवस्ती. त्यांच्याकडे स्त्रियांच्या कार्याची जबाबदारी आली. शिवणकाम करणाऱ्या मुली, कारखान्यात जाणाऱ्या मुली, मोलकरणी ह्यांच्या घरी ते जाऊ लागले. गेल्यावर ते प्रवचन देत नसत, प्रश्न विचारीत. सकाळी किती वाजता उठतेस? कामावर पोहोचायला किती वेळ लागतो? मजुरी किती मिळते? त्यातील किती कापून घेतात? मुकादम कसा बोलतो? शेजारी कोण बसते? ती आजारी पडली तर तिच्या घरचे काय खातात?

ह्या प्रश्नांनी एक वेगळेच काम केले. तोवर त्या मुलींना त्यांच्या कामाविषयी कोणी काही विचारले नव्हते. उत्तर देता देता त्यांचे स्वतःचे डोळे उघडू लागले. जे नशीब म्हणून सोसले ते कोणीतरी केलेले आहे, आणि जे माणसाने केले ते माणसाला बदलता येते, हे त्यांच्या ध्यानात आले. 14-15 वर्षांच्या मुली एकत्र बसून आपल्या कामाची माहिती टिपू लागल्या. त्यांच्यातून शिवणकामगार मुलींची संघटना उभी राहिली. लवकरच मुलांचेही मंडळ सुरू झाले. त्यात फेर्नां टोने नावाचा तरुण होता. त्याच्या जोडीला पुढे पॉल गार्से आणि जाक मेर्ट आले.

इतक्यात पहिले महायुद्ध सुरू झाले. जर्मन सैन्याने बेल्जियम ताब्यात घेतला आणि 1916 साली बेल्जियन कामगारांना जबरदस्तीने जर्मनीत कामाला नेण्यास सुरुवात केली. फादर कार्डाइन ह्यांनी ह्याचा जाहीर निषेध केला, त्यांना तुरुंगात टाकण्यात आले. सुटल्यावर 1918 साली पुन्हा अटक झाली. तुरुंगाच्या कोठडीत त्यांनी भावी संघटनेची रूपरेषा लिहून काढली.

युद्ध संपल्यावर 1919 साली टोने, गार्से व मेर्ट ह्या तिघांच्या साहाय्याने काम नव्या जोमाने सुरू झाले. 1924 साली संघटनेने नवे नाव घेतले : ख्रिस्ती कामगार युवक, फ्रेंच आद्याक्षरांनी जे. ओ. सी. इंग्रजी बोलणाऱ्या देशांत ती यंग ख्रिश्चन वर्कर्स म्हणून ओळखली गेली.

आणि मग अडचण आली ती ख्रिस्तसभेच्या आतूनच. देशात कॅथलिक युवकांची एक मोठी संघटना आधीच होती. तिचे पुढारी बहुतेक सुशिक्षित, सुखवस्तू घरांतील. कामगार मुलांसाठी वेगळी संघटना कशाला, ह्याने ख्रिस्तसभेत वर्गभेद शिरेल, अशी त्यांची तक्रार होती. मालकवर्गही कुरकुरत होता. कार्डिनल मर्सिये साशंक झाले. फादर कार्डाइन ह्यांचे म्हणणे वेगळे होते. फूट आम्ही पाडत नाही, ती पडलेलीच आहे. सुखवस्तू मुलांसोबत एका खोलीत बसले की कामगाराचे पोर तोंड उघडत नाही. आधी त्याला स्वतःच्या पायांवर उभे राहू द्या, मग तो बरोबरीने येऊन बसेल.

हा युक्तिवाद आपण नीट समजून घ्यावा. एकता म्हणजे सर्वांनी एका सभागृहात बसणे नव्हे. ज्याला बोलता येते त्याने बोलावे आणि बाकीच्यांनी माना डोलवाव्यात, ह्याला एकता म्हणता येत नाही.

संघटनेवर बंदी येण्याची वेळ आली तेव्हा, 1925 सालच्या मार्च महिन्यात, फादर कार्डाइन रोमला गेले आणि पोप पायस अकरावे ह्यांच्यापुढे उभे राहिले. कामगार जनसमुदाय वाचविण्यासाठी मला प्राण वेचायचे आहेत, असे त्यांनी सांगितले. पोपमहोदय आनंदित झाले. येणारे सगळे मूठभर निवडक लोकांविषयी बोलतात, जनसमुदायाविषयी बोलणारा शेवटी एक जण आला, असे त्यांना वाटले. कामगारवर्ग गमावणे ही गेल्या शतकातील मोठी लांच्छनास्पद गोष्ट आहे, हे पोपमहोदयांचेही मत होते. त्यांनी संघटनेला पाठिंबा दिला. कार्डिनल मर्सिये ह्यांनीही मान्यता दिली. फादर डान्स ह्यांच्या वाट्याला जे आले ते फादर कार्डाइन ह्यांच्या बाबतीत टळले. आज्ञापालन आणि सत्य ह्यांपैकी एकही त्यांनी सोडले नाही. ते मर्सियेंच्या विरुद्ध गेले नाहीत, पण गप्पही बसले नाहीत.

जे. ओ. सी.ची कार्यपद्धती तीन शब्दांत सांगता येते : पाहा, पारखा, कृती करा. आठवड्यातून एकदा पाच-दहा तरुण कामगार जमत. आपल्या कारखान्यात, घरात, वस्तीत घडलेली एखादी गोष्ट ते नीट पाहत. शुभवर्तमान हाती घेऊन ती पारखत. मग प्रत्येक जण पुढच्या बैठकीपर्यंत करावयाची एक लहानशी कृती ठरवी. ती कृती नव्या आलेल्या पोराला पहिल्या दिवशी सोबत करण्याची असेल, धोक्याच्या यंत्राविषयी मालकाकडे जाण्याची असेल, नाहीतर आजारी सहकाऱ्याच्या घरी जाऊन येण्याची असेल. धर्मगुरू बैठकीत बसत, पण बैठक चालवी तरुण कामगारच. त्या काळात हे फार मोठे धाडस होते.

तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही संत थॉमस अक्विनास ह्यांची सद्गुणांवरील शिकवण अभ्यासली आहे. त्यात विवेक ह्या सद्गुणाच्या तीन पायऱ्या आहेत : आधी चौकशी व विचारविनिमय, मग निर्णय, आणि शेवटी तो अमलात आणण्याची आज्ञा. संत थॉमस म्हणतात की ह्यांत शेवटची पायरी मुख्य होय. नुसते समजले आणि केले नाही तर विवेक अपुरा राहिला. फादर कार्डाइन ह्यांनी हा विवेक विद्यापीठातून उचलून यंत्रावर उभ्या असलेल्या 15 वर्षांच्या पोराच्या हाती दिला. त्याआधी निर्गम ग्रंथात देवानेही हेच केले होते. मिसरातील आपल्या लोकांची विपत्ती त्याने पाहिली, त्यांचा आक्रोश ऐकला आणि तो त्यांच्या सुटकेसाठी खाली उतरला. वीटभट्टीवरच्या मजुरांसाठीच उतरला, हे ध्यानात घ्यावे.

संघटना झपाट्याने वाढली. 1935 साली दहाव्या वर्धापनदिनी ब्रसेल्समध्ये सुमारे 1,00,000 तरुण जमले. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी फादर कार्डाइन ह्यांना 1942 साली अटक केली. काही महिन्यांनी ते सुटले. त्यांचे पहिले सोबती मात्र वाचले नाहीत. टोने आणि गार्से ह्यांना 1943 साली पकडण्यात आले. 1945 सालच्या सुरुवातीला दोघांनीही दाखाऊच्या छळछावणीत प्राण सोडला. ज्यांना एकेकाळी कोणी मोजत नव्हते त्या तरुणांना नाझी सत्ता घाबरू लागली होती.

1957 साली रोममध्ये जगभरातील सुमारे 30,000 तरुण कामगार पोप पायस बारावे ह्यांना भेटले. 1960 साली फादर कार्डाइन ह्यांनी पोप जॉन तेविसावे ह्यांना कामगारप्रश्नावर नवे परिपत्रक काढण्याचे सुचविले. 1961 साली ते निघाले आणि पाहा, पारखा, कृती करा ही पद्धत त्यात ख्रिस्तसभेने अधिकृतपणे स्वीकारली. ज्या रीतीवर कधी बंदी येऊ घातली होती ती आता सर्व जगाला शिकवली गेली.

22 फेब्रुवारी 1965 रोजी पोप पॉल सहावे ह्यांनी त्यांना कार्डिनल केले. वय 82. कोळसा विकणाऱ्याचा मुलगा दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या शेवटच्या सत्रात बिशपांपुढे बोलायला उभा राहिला. 24 जुलै 1967 रोजी लुव्हेन येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांना लाकेनच्या त्याच चर्चमध्ये मूठमाती देण्यात आली. राजाराण्यांच्या कबरी जेथे आहेत तेथेच शिवणकामगार मुलींच्या ह्या धर्मगुरूंची कबर आहे. 2014 साली त्यांना संतपद मिळावे म्हणून प्रक्रिया सुरू झाली.

यंग ख्रिश्चन वर्कर्स ही संघटना आपल्या देशातही आली. आपल्या लहान ख्रिस्ती समूहांच्या बैठकीत शुभवर्तमान वाचून आपण आजूबाजूला पाहतो आणि एखादी कृती ठरवतो, त्यामागेही लाकेनची ती बैठक आहे. मात्र आपण तिघांपैकी काय करतो, ते तपासावे. पारखणे आपल्याला आवडते. चर्चा रंगते, चहा होतो, घरी जातो. पाहणे राहून जाते आणि कृतीही.

आपल्या धर्मग्रामात कंत्राटावर काम करणारी मुले आहेत. रात्रपाळी करून थेट सकाळच्या मिस्साला येणाऱ्या आणि बाकावर डुलकी घेणाऱ्या बहिणी आहेत. दुचाकीवर दिवसभर माल पोहोचविणारे तरुण आहेत. अपघात झाला तर विमा आहे की नाही हे त्यांनाच ठाऊक नसते. त्यांतील कित्येक आता रविवारी दिसत नाहीत. आपण म्हणतो की श्रद्धा कमी झाली. असेलही. पण त्यांची साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी असते हे आपण विचारले आहे काय? आपल्याच घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईंना आजारपणाच्या दिवसाची मजुरी आपण देतो काय? भिक्षा देणे सोपे असते, कारण त्यात प्रश्न विचारावे लागत नाहीत.

म्हणून ह्या महिन्यात प्रत्येक समूहाने एकच करावे. आपल्या विभागातील एका तरुण कामगाराच्या किंवा कामगार मुलीच्या घरी दोघांनी जावे. उपदेश करू नये, वर्गणी मागू नये. सकाळी किती वाजता निघता आणि तेथे तुमच्याशी कसे वागतात, एवढेच विचारावे आणि शेवटपर्यंत ऐकावे. पुढच्या बैठकीत त्या व्यक्तीलाच बोलवावे व तिलाच बोलू द्यावे. पुढे काय करायचे ते तिच्यासोबत बसून ठरवावे.

कष्टकरी संत जोसेफ, आम्हांला पाहणारे डोळे आणि ऐकणारे कान मिळावेत म्हणून आम्हांसाठी विनंती करा.

आपले धर्मगुरू